गाडीतला एकच स्पीकर मुका झाला? डेक बदलण्याआधी ही तपासणी करावी

गाणं चालू आहे, पण आवाज एकाच बाजूने येतोय. गाडी खड्ड्यात आदळली की डावा स्पीकर बोलतो, पुढच्या वळणावर पुन्हा गप्प. दार उघडलं की बंद, जोरात लावलं की चालू. खेड्यापाड्यातल्या जीप, पिकअप आणि जुन्या कारमध्ये ही तक्रार नेहमीची. अशी गाडी दाखवायला नेली की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, ‘डेक गेलाय, नवीन टाकावा लागेल.’ डेक बदलला जातो, काही हजार रुपये जातात, आणि आठ दिवसांनी तोच स्पीकर परत मुका होतो. कारण बिघाड डेकमध्ये नव्हताच. दाराच्या बिजागरीजवळ एक तार आतून तुटलेली होती.

आवाज न येण्याची जागा तीनपैकी एक असते : डेक, तार किंवा स्पीकर. यातली नेमकी कोणती, हे काहीही विकत घेण्याआधी ठरवता येतं. त्यासाठी लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक पेन्सिल सेल आणि अर्धा-पाऊण तास. मीटर काही शे रुपयांत मिळतो. घरातल्या बोअरच्या स्टार्टरपासून ट्रॅक्टरच्या बॅटरीपर्यंत तो पुढे कामाला येतो.

आवाज कुठून कुठे जातो

डेक म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला गाण्यांचा डबा. गावाकडे त्याला अजूनही टेप म्हणतात. त्याच्या मागून प्रत्येक स्पीकरसाठी दोन तारा निघतात, एक अधिक आणि एक उणे. चार स्पीकर असले तर आठ तारा. या तारा डॅशबोर्डमागून खाली उतरतात. पुढच्या दाराच्या तारा खांब आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीतून दारात शिरतात आणि स्पीकरच्या मागच्या दोन पत्र्यांवर बसतात.

स्पीकरच्या आत मॅग्नेटच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. प्रवाह अधिक तारेने येतो, कॉइलमधून फिरतो आणि उणे तारेने डेकमध्ये परत जातो. कॉइल पुढे-मागे हलते, तिला चिकटलेला कागद हलतो आणि आवाज होतो. हा पूर्ण फेरा म्हणजे स्पीकरचं सर्किट. फेरा कुठेही तुटला की आवाज बंद. दोन तारा वाटेत एकमेकींना किंवा बॉडीला चिकटल्या तर शॉर्ट. जोड ढिला असला तर आवाज येतो-जातो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. हेडलाइट, हॉर्न, वायपर यांची उणे बाजू गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे जाते. स्पीकरचं तसं नाही. हल्लीच्या बहुतेक डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर, बॉडीच्या हिशेबाने, बॅटरीच्या निम्मा म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्या दोन तारांच्या आपापसात मात्र, गाणं बंद असताना, फरक जवळपास शून्य असतो. म्हणून स्पीकरची उणे तार बॉडीला जोडणं म्हणजे त्या ६ व्होल्टला सरळ जमिनीचा रस्ता देणं. मग डेक तापतो, स्वतःला बंद करून घेतो, नाहीतर त्याची आवाजाची आयसी जळते.

जुन्या जीपमध्ये हीच अडचण येते. कॅसेटच्या काळातल्या काही गाड्यांत स्पीकरला एकच तार ओढलेली असायची आणि दुसरी बाजू बॉडीला दिलेली असायची. त्या काळच्या डेकला ते चालायचं. अशा गाडीत नवीन डेक त्याच जुन्या वायरिंगवर बसवला की तो टिकत नाही. दोष डेकच्या कंपनीला दिला जातो, खरा दोष बॉडीला दिलेल्या उणे तारेचा असतो. अशा गाडीत प्रत्येक स्पीकरला डेकपर्यंत दोन स्वतंत्र तारा ओढायलाच लागतात.

हात लावण्याआधी

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्टार्टर फिरवताना हीच बॅटरी शंभराहून जास्त अँपिअर देते. तार शॉर्ट झाली तर तिचं प्लास्टिक काही सेकंदांत वितळतं आणि आग लागू शकते. त्यामुळे पुढची पथ्यं पाळावीत.

डेक बाहेर काढताना किंवा कपलर सोडवताना चावी काढून बॅटरीचं उणे टर्मिनल आधी सोडावं. काम झाल्यावर तेच शेवटी जोडावं. काही गाड्यांच्या कंपनीच्या डेकला बॅटरी काढल्यावर कोड मागण्याची सवय असते. तो कोड गाडीच्या कागदपत्रांत आहे का, हे आधी बघून ठेवावं.

पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या आवरणातल्या तारांच्या जुडग्याला मीटर लावायचा नाही. बहुतेक गाड्यांत ती एअरबॅगची खूण असते. मीटरच्या ओहम रेंजमधून निघणारा बारीक प्रवाहसुद्धा तिथे धोक्याचा. सीट, स्टेअरिंग आणि एअरबॅग असलेला दाराचा भाग कंपनीच्या वर्कशॉपवरच सोडावा.

बल्ब लावलेला टेस्टर स्पीकरच्या तारांवर वापरायचा नाही. बल्बची दुसरी बाजू बॉडीला असते आणि डेक चालू असला तर त्यातून नको तो प्रवाह डेकवर येतो. इथे मीटरच हवा.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची तार कापू नये. कपलरला जोडणारी तयार जोडवायर मिळते, ती वापरावी.

पहिली पायरी : बटणांनीच ओळखायचं

काहीही न उघडता डेकमधला बॅलन्स आणि फेडर फिरवावा. बॅलन्सने आवाज डावी-उजवीकडे जातो, फेडरने पुढे-मागे. आवाज एकेका कोपऱ्यात नेऊन चारही स्पीकर वेगवेगळे ऐकावेत. कोणता पूर्ण बंद, कोणता खरखरतो, कोणता बारीक वाजतो, हे कागदावर लिहून ठेवावं. डावं-उजवं ड्रायव्हरच्या जागेवर बसून धरायचं, म्हणजे डावी ती क्लीनर साइड.

कितीतरी गाड्यांमध्ये बिघाड इथेच सापडतो. लहान मुलाने स्क्रीनवर बोट फिरवलं आणि फेडर पूर्ण पुढे गेला, एवढंच झालेलं असतं.

मग गाण्याचा स्रोत बदलावा. पेनड्राइव्हवर एक बाजू बंद आणि रेडिओवर दोन्ही बाजू चालू, असं असेल तर स्पीकर आणि तार दोन्ही ठीक आहेत. दोष त्या फाइलमध्ये किंवा ऑक्सच्या पिनमध्ये आहे. सगळ्या स्रोतांवर तोच कोपरा मुका असेल तरच पुढे जायचं.

चारही स्पीकर एकदम बंद असतील तर चारही एकाच दिवशी जळाले, असं सहसा होत नाही. डेकवर म्यूट चालू आहे का, ब्लूटूथवर फोनचा कॉल अडकलाय का, डेकमागचा कपलर ढिला आहे का, हे पाहावं. डेकला लाइटच येत नसेल तर फ्यूज आणि अर्थ तपासायचा. डिक्कीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवला असेल तर त्याचा फ्यूज आणि डेककडून येणारी निळ्या रंगाची चालू-बंद तार आधी बघावी.

दुसरी पायरी : डेकच्या मागे तारा ओळखायच्या

बाजारातल्या बहुतेक डेकसोबत येणाऱ्या जोडवायरचे रंग ठरलेले असतात. रंग असे :

पांढरी जोडी – पुढचा डावा स्पीकर
राखाडी जोडी – पुढचा उजवा
हिरवी जोडी – मागचा डावा
जांभळी जोडी – मागचा उजवा

प्रत्येक जोडीत एकरंगी तार अधिक आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार उणे. पिवळी तार बॅटरीवरून कायम येणारा १२ व्होल्ट, लाल तार चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्ट आणि काळी तार अर्थ. गाडीच्या आतल्या कंपनीच्या तारांचे रंग मात्र प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. तिथे रंगावर भरवसा ठेवून जोड मारू नये, मीटरने ओळखून मगच मारावा.

तिसरी पायरी : सेलची टिचकी

डेकचा स्पीकर कपलर पूर्ण सोडवावा. हे महत्त्वाचं, कारण सेलचा दाब डेकमध्ये जाता कामा नये. आता बंद असलेल्या स्पीकरच्या जोडीतल्या दोन तारांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा आणि लगेच काढायचा. धरून ठेवायचा नाही.

दारातून ‘टक्’ असा आवाज आला तर तार आणि स्पीकर दोन्ही जोडलेले आहेत. संशय डेककडे किंवा कपलरच्या पिनकडे वळतो. ‘टक्’ आला नाही तर दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये आहे. मग दाराचा पॅड काढून थेट स्पीकरच्या पत्र्यांवर सेल टेकवावा. तिथे वाजला तर मधली तार तुटलेली. तिथेही नाही वाजला तर स्पीकर गेलेला. दोन टिचक्यांत तिघांपैकी एक उरतो.

चौथी पायरी : मीटरचे आकडे काय सांगतात

सेलने चालू-बंद कळतं, मीटरने बिघाडाची जात कळते. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आकडा पाहावा. स्वस्त मीटरमध्ये तो ०.२ ते ०.५ येतो. हा पिनांच्या वायरचा रोध आहे. पुढच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा करायचा.

कपलर डेकपासून सुटलेला असतानाच, एका स्पीकरच्या दोन तारांवर मीटर लावावा.

३.२ ते ३.९ – गाडीतला नेहमीचा ४ ओहमचा स्पीकर ठीक आहे. मीटरवर पूर्ण ४ येत नाही, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो.
१.६ ते १.९ – एका जोडीवर दोन स्पीकर समांतर जोडलेले आहेत.
शून्याच्या जवळ – दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा कॉइल आतून शॉर्ट आहे.
डाव्या कोपऱ्यात फक्त १ किंवा ओएल – फेरा तुटलाय. तार, जोड किंवा कॉइल.
आकडा ८, १५, ३ असा उड्या मारतो – जोड ढिला किंवा गंजलेला.

इथे एक चूक बऱ्याच जणांकडून होते. मीटर ‘टीं’ वाजणाऱ्या खुणेवर ठेवून तारा तपासल्या जातात आणि वाजला की ‘शॉर्ट आहे’ असं सांगितलं जातं. पण ती शिटी बहुतेक मीटरमध्ये काही दहा ओहमच्या आतल्या कोणत्याही रोधावर वाजते. स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे चांगल्या स्पीकरवरही ती वाजणारच. दोन तारांमधला शॉर्ट शोधायचा असेल तर आधी स्पीकर तारांपासून वेगळा करावा लागतो. स्पीकर सुटल्यावरही मीटर शून्य दाखवत असेल तर शॉर्ट तारेतच आहे.

दुसरी चूक ट्विटरची. काचेजवळच्या बारीक स्पीकरच्या तारेत एक छोटा कपॅसिटर असतो. तो मीटरचा प्रवाह अडवतो, त्यामुळे चांगला ट्विटरसुद्धा मीटरवर तुटलेला दिसतो. ट्विटर तपासताना कपॅसिटर सोडून थेट त्याच्या कॉइलवर मीटर लावावा. ज्या गाड्यांत कंपनीचाच वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला आहे, तिथे डेकमागे स्पीकरचा आकडा मिळत नाही. तिथे स्पीकरपाशीच मोजावं लागतं.

पाचवी पायरी : बॉडीला कुठे टेकतंय का

कपलर सुटलेलाच ठेवून मीटर मोठ्या रेंजवर, म्हणजे २० हजार ओहम किंवा त्याहून वर न्यावा. एक पिन गाडीच्या उघड्या लोखंडी बोल्टला लावावी, दुसरी आळीपाळीने स्पीकरच्या प्रत्येक तारेला. सगळीकडे फेरा तुटलेला दिसला पाहिजे. एकाही तारेवर आकडा आला तर त्या जोडीतली तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

या बिघाडाची लक्षणं ठरावीक असतात. डेक चालू होतो, दोन मिनिटांनी आवाज जातो. स्क्रीनवर प्रोटेक्ट असं काही येतं. आवाज वाढवला की डेक बंद होऊन परत चालू होतो. डेकची मागची बाजू हाताला चटका देते. हल्लीच्या आयसी शॉर्टपासून स्वतःला वाचवतात, पण रोज तेच सोसायला लागलं तर त्यांचाही शेवट होतो. म्हणून आधी बॉडीचा शॉर्ट काढायचा, मगच चांगला डेक लावून बघायचा. नाहीतर नवीन डेकही जुन्याच्या मागे जातो.

डेकच तपासायचा असेल तर

तार आणि स्पीकर दोन्ही ठीक निघाले, तरच डेककडे यायचं. बॅटरी जोडून, स्पीकरच्या तारा उघड्या एकमेकींना लागणार नाहीत अशा ठेवून डेक चालू करावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एका जोडीच्या दोन तारांवर लावावा. गाणं थांबवलेलं असताना आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. तिथे एक किंवा अधिक व्होल्ट दिसला तर त्या बाजूची आयसी खराब आहे. अशा डेकला नवीन स्पीकर लावला तर त्याची कॉइल जळते. मीटर एसी व्होल्टवर नेऊन गाणं मध्यम आवाजात लावलं की आकडा गाण्यासोबत वर-खाली नाचला पाहिजे. तीन जोड्यांवर नाचतो आणि एकीवर शून्यच राहतो, तर त्या बाजूचा डेकचा भाग गेलेला.

तेव्हाही पूर्ण डेक फेकून द्यायची घाई नको. चार स्पीकर चालवणारी आयसी बहुतेक डेकमध्ये एकच असते. टीडीए ७३८८ सारख्या आयसी सुट्या मिळतात आणि टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा चांगला कारागीर ती बदलून देऊ शकतो. बदलण्याचा खर्च आणि नव्या डेकची किंमत, दोन्ही विचारून मग ठरवावं.

तार तुटते कुठे

दार दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडलं आणि लावलं, तर वर्षाला सात ते नऊ हजार वेळा तार त्याच जागी वाकते. वडापच्या जीपमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे खांब आणि दार यांच्यामधली रबरी नळी ही सगळ्यात आधी बघायची जागा. इथे तार बाहेरून साबूत दिसते, आत तांब्याचे धागे एकेक करून तुटलेले असतात.

ओळखायची सोपी युक्ती अशी : एकाने मीटर डेकच्या बाजूला लावून आकड्यावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने दार सावकाश उघडायचं आणि लावायचं. ३.६ वर थांबलेला आकडा मध्येच उडाला की तुटलेली जागा नळीतच आहे. नळी सरकवून एकेक तार हलकी ओढून पाहावी. तांबं तुटलंय तिथे प्लास्टिक रबरासारखं ताणतं.

बाकीच्या जागा अशा. पावसाळ्यात काचेवरून दारात पाणी उतरतंच. ते आत स्पीकरवर येऊ नये म्हणून पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. कोणीतरी काच दुरुस्त करताना तो फाडून टाकतो आणि पुढच्या पावसाळ्यात स्पीकरचा कागद भिजून कुजतो, पत्रे हिरवे पडतात. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी राहत असेल तर उंदीर तारा कुरतडतात. त्या जास्त करून डॅशबोर्डखाली आणि मागच्या सीटखाली सापडतात. पॅडचा लांब स्क्रू कधी तारेत घुसतो आणि तीच तार बॉडीला टेकते. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रात मोकळी तार अडकते. तेव्हा काच खाली घेतली की आवाज जातो, हीच तिची ओळख.

आवाज येतो पण नीट येत नाही

खरखर होते आणि कागद बोटांनी हलका दाबला की घासल्यासारखं जाणवतं, तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासतेय. धूळ, लोखंडाचा कीस किंवा जळालेली कॉइल ही कारणं असतात. असा स्पीकर बदलायलाच लागतो.

बारीक आवाजात चालतो, मोठ्या आवाजात तुटतो किंवा उलट होतं, तर पत्र्यापासून कागदापर्यंत गेलेली विणलेली मऊ तार पाहावी. ती कागदासोबत सतत हलते आणि मुळाशी तुटते.

चारही स्पीकर वाजतात, पण ढोल-ताशाचा, बासचा आवाज पोकळ वाटतो, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात. एकाचा कागद पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि जाड आवाज एकमेकांना मारतो. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक पत्र्याला टेकवली की कागद बाहेर यायला हवा. जो आत जातो त्याच्या तारा अदलून घ्याव्यात.

इंजिनच्या वेगासोबत शिटीसारखा आवाज वाढतो, तर ते काम स्पीकरच्या सर्किटचं नाही. डेकचा अर्थ, चार्जिंगचा पॉइंट किंवा अल्टरनेटर तपासावा.

लग्नसराईत आणि गणपतीत पिकअपला जादा स्पीकर जोडायची पद्धत आहे. एका जोडीवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की डेकला २ ओहमचा भार दिसतो आणि प्रवाह दुप्पट होतो. बहुतेक डेक ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात. डब्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असलं तरी तो क्षणभराचा आकडा असतो. सलग मिळणारा आवाज एका स्पीकरमागे २० वॅटच्या आसपास असतो. जादा स्पीकर हवेच असतील तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावावा.

जोड असा मारावा की परत उघडावा लागणार नाही

तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात सुटतो. डॅशबोर्ड तापतो, पट्टीचा डिंक पातळ होतो आणि उघडं तांबं शेजारच्या तारेला लागतं. सोल्डर करून किंवा दाबून बसवायची तांब्याची नळी लावून वर हीट स्लीव्ह चढवावी. दोन तारांचे जोड एकाच जागी न घेता बोटभर पुढे-मागे घ्यावेत, म्हणजे स्लीव्ह सरकली तरी ते एकमेकांना लागत नाहीत. रबरी नळीत जोड कधीच ठेवू नये. नळीतला पूर्ण तुकडा बदलून दोन्ही जोड दाराच्या आत आणि खांबाच्या आत न्यावेत. तिथे बहुपदरी मऊ तार वापरावी, घरातल्या फिटिंगची कडक एकपदरी तार नको. काम झाल्यावर दाराचा प्लास्टिकचा कागद परत चिकटवावा.

फ्यूजबद्दल वेगळं सांगायला हवं. डेकला साधारण १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. लाल फ्यूज १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. १० चा उडतो म्हणून ३० चा घातला, किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली, की पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूजच्या आधी तार जळते. फ्यूज उडतोय म्हणजे शॉर्ट आहे. तो शोधायचा, फ्यूज वाढवायचा नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं

सगळ्यांनाच पॅड उघडणं जमेल असं नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. पण तपासणी कशी होते हे माहीत असलं की बोलणं बदलतं. ‘दादा, आवाज येत नाही, बघा जरा’ एवढंच न सांगता, ‘पुढचा डावा स्पीकर सगळ्या स्रोतांवर बंद आहे, दार हलवलं की येतो,’ असं सांगावं. चांगला इलेक्ट्रिशियन एवढ्यावरून थेट नळीकडे जातो.

डेक बदलायला सांगितला तर तीन प्रश्न विचारावेत. डाव्या जोडीवर किती ओहम आला? बॉडीला शॉर्ट आहे का? दुसरा स्पीकर थेट डेकला लावून बघितला का? या तिन्हींची उत्तरं मिळाली आणि त्यातून डेकच दोषी निघाला, तर डेक बदलणं योग्य. उत्तरं मिळाली नाहीत तर आधी तपासणी, मग खरेदी.

काम झाल्यावर चारही स्पीकरचे आकडे आणि गाडीतल्या तारांचे रंग एका कागदावर लिहून आरसी बुकासोबत ठेवावेत. पुढच्या वेळी कोणत्याही गावात, कोणत्याही कारागिराकडे गाडी गेली तरी त्याला शोधाशोध करायला लागणार नाही.